जुनी सायकल : खोलणे, जोडणे आणि पुन्हा खोलणे

जुन्या सायकलींचे दोन प्रकार मानले जातात : अडगळीतली आणि व्हिंटेज. दोन्हींत यांत्रिक फरक काहीच नसतो. जिन्याखाली किंवा गच्चीच्या कोपऱ्यात गंजत पडलेली असते तोवर ती अडगळ असते. कोणी तिऱ्हाइताने येऊन ‘देणार का?’ असे विचारले की त्या क्षणी ती व्हिंटेज होते आणि देण्याची नसते. दुरुस्तीचा विचारही बहुधा या प्रसंगानंतरच सुरू होतो.

येथे अभिप्रेत आहे ती काळी, उंच, रॉड ब्रेकची, २८ इंची चाकांची इंग्रजी रोडस्टर आणि तिची भारतीय भावंडे. इंग्रजी शाखेत नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमच्या बीएसए आणि हर्क्युलिस, शिवाय हंबर, रज, फिलिप्स ही घराणी येतात. भारतीय शाखेत मद्रासची टीआय (१९४९), सोनीपतची ॲटलस (१९५१), लुधियानाची हीरो (१९५६) आणि आसनसोलची सेन-रॅले. यांपैकी ॲटलसचा शेवटचा, साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला. त्यासाठी ३ जून हा दिवस लाभला, जो जागतिक सायकल दिन म्हणून साजरा होतो.

या सायकलीचा सांगाडा फार जुना आहे. जॉन केम्प स्टार्ली यांनी १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीत जवळजवळ सारख्या दोन चाकांची, मागचे चाक चेनने फिरवणारी ‘रोव्हर’ आणली. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढे फ्रीव्हील आणि गिअर आले आणि मग कितीतरी वर्षे कारखान्यांना काही बदलण्याचे कारण दिसले नाही. या स्थैर्यामुळे सायकलीचा मुख्य गुण टिकून राहिला : तिचा प्रत्येक भाग पान्याने खोलता येतो. मुख्य दोषही तोच. घड्याळ, रेडिओ किंवा फ्रिज बिघडला की मालक हात टेकतो आणि कारागिराकडे जातो. सायकलीच्या बाबतीत त्याला हात टेकायला सबळ कारण सापडत नाही.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे ओळख पटवणे. पायडलांच्या मधल्या दातेरी चक्रात बगळा कापलेला असेल तर सायकल रॅलेची, हाताचा पंजा असेल तर रजची, पाच माणसे असतील तर हंबरची. बिल्ल्यावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या असतील तर ती बीएसए. ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ ही कंपनी मुळात बंदुका करणारी. वय ठरवणे मात्र नाजूक काम असते, कारण त्यात कुटुंबाचा इतिहास आड येतो. सायकल आजोबांनी १९३० साली थेट विलायतेहून मागवली असल्याचे घरात सर्वमान्य असते. पण मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा एडब्ल्यू हब असेल तर त्याच्या पाठीवर जन्माचे वर्ष आणि महिना ठोकलेला सापडतो. शिवाय हा हब बाजारातच १९३६ मध्ये आला. ठोकलेला आकडा ५८ निघाला म्हणून आजोबा खोटे ठरत नाहीत. हब नंतर बदलला असे ठरते. हँडलावर क्रोमचा मुलामा असेल तरी हाच नियम लावतात. विसाच्या दशकात सायकलींवर निकेल असे आणि क्रोम त्यानंतर रुळला. त्यामुळे १९२० च्या सायकलीवर क्रोम दिसले की हँडलही नंतर बदललेले असते. अशा रीतीने एकेक भाग नंतर बदलला गेल्याचे सिद्ध होत जाते आणि शेवटी १९३० सालचे फक्त आजोबा उरतात.

ज्यांच्या घरी आजोबांची सायकल नसते ते ती विकत घेतात. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे सायकलीचे वर्णन दोन वाक्यांत होते. ‘सगळी ओरिजिनल आहे’ याचा अर्थ तिला कधीच कोणी हात लावलेला नाही, आणि ‘फक्त हवा भरायची आहे’ याचा अर्थ टायर आहेत. दिवा, पंप, चेनकव्हर आणि सीटमागची चामडी हत्यारपिशवी जागेवर नसते. यांपैकी एखादी वस्तू चार पथाऱ्यांपलीकडे स्वतंत्रपणे विकायला ठेवलेली दिसते आणि तिची किंमत उरलेल्या सायकलीच्या बरोबरीची असते.

यानंतर हत्यारे. जुन्या इंग्रजी सायकलींचे नट इंची, त्यातही बऱ्याचदा व्हिटवर्थ मापाचे असतात. घरातले पाने मिलिमीटरचे असतात. मिलिमीटरचा पाना अशा नटाला एक तर बसत नाही, किंवा जरा सैल बसून त्याचे कोपरे गोल करतो. मग त्याला कुठलाच पाना बसत नाही. गंजलेल्या नटावर आधी रॉकेल आणि पातळ तेल सोडून तो रात्रभर तसाच ठेवावा हा नियम आहे. मालक तेल सोडतो, चहा घेतो आणि नटाला भिडतो. हातोडी हे शेवटचे साधन असल्याचे सगळी पुस्तके सांगतात, पण पुस्तक सहसा शेवटच्या पानापासूनच उघडले जाते.

खोलताना दोन ठिकाणी आटे उलटे असतात हे लक्षात ठेवावे लागते. एक, डावे पायडल. दोन, पायडलांच्या मधल्या आसाचा उजवीकडचा कप. पायडल मारताना हे भाग आपोआप सैल होऊ नयेत म्हणून ही योजना आहे आणि ती उत्तम काम करते. डावे पायडल नेहमीच्या दिशेने फिरवून काढू पाहणारा माणूस ते प्रत्यक्षात आणखी आवळत असतो. जोर लावावा तसे ते अधिक घट्ट बसते, तो त्याला गंज समजतो आणि पान्याला लोखंडी नळी जोडून दुप्पट जोर लावतो. या टप्प्यावर घरातले कोणीतरी बाहेर येऊन ‘उलटं फिरवून बघा ना’ असे सुचवते. हा सल्ला अचूक असतो, त्यामुळे तो मानला जात नाही.

कॉटर पिन हा जुन्या सायकलीचा सर्वांत लहान आणि सर्वांत मानी भाग होय. क्रँक आणि आस यांना जखडून ठेवणारी ही पोलादी पाचर, एक बाजू तासलेली. ती हातोडीने बसवतात आणि हातोडीनेच काढतात. तिच्या टोकाचा नट फक्त बसलेली पाचर राखण्यासाठी असतो. काढताना नट सैल करून टोकावरच ठेवावा, म्हणजे घाव आट्यांवर पडत नाही. क्रँकखाली जाड नळीचा किंवा ठोकळ्याचा आधार द्यावा, नाहीतर प्रत्येक घाव आतल्या छऱ्यांना पोचतो आणि कपात खळगे पडतात. त्यानंतर एकच, नेमका आणि निःशंक घाव घालायचा असतो. घाबरत घातलेले वीस घाव पिनीला वाकवतात, आणि वाकलेली पिन ड्रिलने पोखरूनच काढावी लागते. नव्या दोन पिना बसवताना त्यांच्या तासलेल्या बाजू परस्परविरुद्ध दिशांना आल्या पाहिजेत. त्या एकाच दिशेने बसल्या तर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत, आणि स्वार लंगडत चालल्यासारखा सायकल चालवतो.

आतले छरे मोजून मिळतात. पुढच्या चाकाच्या हबात दोन्ही बाजूंना प्रत्येकी १० छरे, ३/१६ इंचाचे. मागच्या हबात प्रत्येकी ९ आणि पायडलांच्या आसाला प्रत्येकी ११, पाव इंचाचे. आसाच्या कपात दाटीवाटीने बाराव्याची सोय होईल असे वाटते. ती करू नये. थोडी मोकळी जागा राहिली तरच छरे फिरतात. खोलताना खाली परात किंवा जुने धोतर पसरावे असा प्रघात आहे. तरी एक छरा परातीच्या काठावर टप्पा घेऊन कपाटाखाली जातो. घरातली शिस्त अशी की कपाट सरकवल्यावर तो सोडून बाकी सगळे सापडते. छरे नवे घालणे स्वस्त आणि शहाणपणाचे असते, पण ते जुन्या छऱ्यांत मिसळू नयेत. झिजलेल्यांच्या रांगेत नवा भरती केला की सगळा भार एकट्या नव्यावर येतो, हे कचेरीत काम केलेल्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

रॅलेच्या मालकांसाठी एक वेगळी तरतूद आहे. पायडलांच्या आसाच्या कपांना बाकी इंग्लंड दर इंची २४ आटे पाडत असताना रॅलेने २६ पाडले आणि ते दीर्घकाळ सोडले नाहीत. त्यामुळे बाजारातला साधा कप रॅलेच्या सांगाड्यात दोन फेरे जातो आणि अडतो. पाना लांब असेल तर तो पुढेही जातो. मात्र मग सांगाड्यात ना २४ आटे राहतात ना २६.

एवढे झाल्यावर मालक सायकलवाल्याकडे जातो. वडाखाली किंवा पत्र्याच्या टपरीत बसलेला, समोर पाण्याचे घमेले आणि डोक्यावर टांगलेले टायर असलेला हा कारागीर काहीही मोजत नाही. चाक एकदा फिरवून तो आवाज ऐकतो आणि निदान सांगतो. ते बरोबर असते. ‘हा माल आता येत नाही’ हे त्याचे पहिले वाक्य आणि ‘एवढ्यात नवी आली असती’ हे दुसरे. मालक जायला निघाला की तो बाकाखालचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढतो आणि न येणारा माल त्यातून काढतो. सगळे खोलून, रॉकेलने धुऊन, ग्रीस भरून पुन्हा जोडण्याला त्याच्या दुकानात ओव्हरऑइलिंग म्हणतात. ते करून घ्यायचे असल्यास सायकल जोडलेल्या अवस्थेत न्यावी. सुटे भाग पिशवीतून आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो बराच वेळ नुसता पाहतो आणि पैसे जास्त सांगतो.

चाकाचा आउट काढणे हे त्याच्या कलेचे शिखर. इंग्रजी रिवाजाप्रमाणे पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० स्पोक असतात, कारण मागच्यावर माणूस, सामान आणि डबल सीट एवढ्यांचा भार येतो. रिम डावीकडे गेली असेल तर तिथले उजव्या बाजूचे स्पोक पाव फेरा ताणायचे आणि डावे तितकेच सैल करायचे, एवढाच सिद्धान्त आहे. तो वाचून समजतो, म्हणूनच धोकादायक आहे. शिकाऊ माणूस एक वाकडेपणा काढतो, तो शेजारी सरकतो. तो काढला की समोर जातो. तासाभरात वाकडेपणा चाकाची पूर्ण प्रदक्षिणा करून मूळ जागी परततो. कारागीर एक बोट रिमजवळ धरतो, दुसऱ्या हाताने चावी फिरवतो आणि त्याच वेळी तिसऱ्या कोणाशी तरी बोलत असतो.

रॉड ब्रेकमुळे हे काम आणखी अवघड होते. या ब्रेकचे रबर रिमच्या कडेला न चावता आतल्या अंगावर, टायरच्या दिशेने ओढले जाते. त्यामुळे चाक डावी-उजवीकडे सरळ असून भागत नाही, वर-खालीही गोल असावे लागते. ब्रेकच्या मुठीपासून रबरापर्यंत लोखंडी दांड्या आणि सांध्यांची मोठी साखळी असते आणि प्रत्येक सांधा आपापला डुगडुगण्याचा वाटा काढून घेतो. म्हणून मूठ पूर्ण दाबली तरी चाकापर्यंत केवळ शिफारस पोचते. पावसाळ्यात ओल्या क्रोमच्या रिमवर तीही पोचत नाही. सांध्यांना तेलाचा एकेक थेंब द्यावा, झिजलेले रबर वेळेवर बदलावे आणि उतारावर आधीपासून विचार करावा. रबराला चुकून तेल लागल्यास विचार चढावरच सुरू करावा.

चेन तपासण्याला फूटपट्टी पुरते. अर्ध्या इंचाच्या २४ कड्या म्हणजे बरोबर १२ इंच. ओढून धरल्यावर हे अंतर मिलिमीटरमध्ये मोजत बसू नये. इंची चेन इंचांतच मोजावी. ते १२ इंच आणि वर १ सूत, म्हणजे अष्टमांश इंच, भरले की चेन बदलावी, नाहीतर ती दातेरी चक्राचेही दात घेऊन जाते. जोडकडीच्या लॉकची बंद बाजू चेनच्या चालीच्या दिशेला असावी. पूर्ण चेनकव्हर असलेल्या सायकलीत चेन धूळ-चिखलापासून सुरक्षित राहते आणि वर्षानुवर्षे टिकते. पण मागचे पंक्चर काढायला चाक उतरवायचे तर कव्हर उघडावे लागते. म्हणून बहुतेक मालक दुसऱ्या पंक्चरला ते काढून माळ्यावर टाकतात, पायजम्याला क्लिप लावू लागतात आणि पुढच्या पिढीतले मालक ते कव्हर जुन्या बाजारात शोधतात.

तीन गिअरचा हब हा या सायकलीतला एकमेव बंद पेटीतला भाग. आतले दातेरी चक्रांचे जाळे मधल्या गिअरला जसेच्या तसे चालते, पहिल्याला वेग पाऊणपट करते आणि तिसऱ्याला चारतृतीयांश. त्याची मागणी माफक आहे : झाकण उघडून अधूनमधून पातळ तेलाचे थेंब. त्यातले काही तो फरशीवर परत करतो. गिअरची तार मात्र नीट जुळवावी लागते. ती बिघडली की दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये कोणत्याच गिअरची नसलेली एक जागा तयार होते, जिथे पायडल अचानक मोकळे फिरते. उभे राहून चढ चढणाऱ्याला ती जागा लगेच सापडते. तार जुळवण्याचे काम दोन मिनिटांचे आहे : मधला गिअर टाकून, आसाच्या टोकाशी आतल्या दांडीचा खांदा समपातळीत आणायचा. तरीही हब एकदा तरी खोलला जातो, कारण तो खोलता येतो.

चामडी सीटचा इतिहास दुःखद आहे. ब्रूक्स कंपनी स्वतःच्या सीटच्या जन्माची जी कथा सांगते तिच्यानुसार १८७८ मध्ये जॉन बूल्टबी ब्रूक्स यांचा घोडा वारला, दुसरा परवडेना म्हणून त्यांनी सायकल उसनी घेतली आणि तिच्या बैठकीने इतके हाल झाले की त्यांनी स्वतःच चामडी सीट केली. १८८२ मध्ये तिचे पेटंट घेतले. नवी सीट कडक असते आणि स्वाराच्या बसण्याचा आकार हळूहळू उचलते. जुनी सीट विकत घेणारा त्यामुळे कोणा अनोळखी गृहस्थाच्या आकारावर बसत असतो. तिला पावसापासून जपावे, चामड्याचे मेण खालून चोळावे आणि तिला झोळ पडू लागल्यास पुढच्या टोकाखालचा नट थोडासाच आवळावा. खोबरेल तेलात न्हाऊ घातलेली सीट सुंदर चमकते आणि महिन्याभरात झोळी होते.

टायरचे माप छापलेले असते, पण ते वाचून उपयोग होईलच असे नाही. २८ × १½ हे भारतीय रोडस्टरचे माप अजून सर्वत्र मिळते. २६ इंचांचे मात्र अनेक वंश आहेत. २६ × १⅜ आणि २६ × १½ यांच्या रिमांचे व्यास वेगळे असल्याने एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. पंक्चर काढण्याची रीत बदललेली नाही : घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे पाहावेत, जागा घासावी, सोल्यूशन लावावे, ते सुकू द्यावे, मग पॅच दाबावा. ‘सुकू द्यावे’ हे दोन शब्द पाळले जात नाहीत. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधावा, अन्यथा तो स्वतःच पुन्हा ओळख देतो. पंक्चर सापडले नाही तर जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमधली रबरी नळी पाहावी. ती इवलीशी असते, नाममात्र किमतीला मिळते आणि रात्रीत हवा जाण्यामागे शेजारच्या मुलांइतकाच तिचाही हात असतो.

दिव्याला एकेकाळी कायद्याचे पाठबळ होते. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात रात्री बिनदिव्याची सायकल आणि डबल सीट हे पोलिसांचे नित्याचे विषय होते. रॉकेलचा दिवा ‘आत्ताच वाऱ्याने विझला’ असे सांगणाऱ्याच्या दिव्याला हात लावून पोलीस तो गरम आहे का ते पाहत, अशी आठवण जुने पुणेकर सांगतात. पुढे टायरला घासून फिरणारा ६ व्होल्ट, ३ वॅटचा डायनॅमो आला. तो चढावर, जिथे वेळ भरपूर असतो, तिथे मिणमिणतो आणि उतारावर झगझगतो. मागचा बल्ब उडाला की त्याच्या वाट्याची वीज पुढच्याला मिळते आणि मग तोही उडतो.

शेवटी रंगाचा प्रश्न येतो आणि मालकांत दोन पंथ पडतात. पहिला पंथ सायकल घासून, नव्याने काळी करून, सोनेरी रेघा ओढून लग्नाला उभी करतो. दुसरा मूळ रंगाचा प्रत्येक पोपडा जपतो आणि पहिल्या पंथाला खुनी समजतो. सौम्य मार्ग असा : क्रोमवरचा वरवरचा गंज ओल्या ॲल्युमिनियम फॉइलने घासला तर निघतो, सुटे भाग ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ पाण्यात ठेवता येतात, पितळी दिव्याला चिंच चालते. नगरपालिकेच्या सायकल-कराचा जुना बिल्ला सापडला तर तो काढू नये. आजोबांनी भरलेल्या कराचा तेवढा एकच लेखी पुरावा असतो, आणि त्यावर सालही असते, जे १९३० नसते.

नित्य निगेचे वेळापत्रक लहान आहे. आठवड्याला हवा. महिन्याला चेन, हब आणि ब्रेकचे सांधे यांना तेल. पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर कोरडे फडके. वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग, तेही पावसाळा संपल्यावर; आधी केले तर दोनदा करावे लागते. नुकत्याच बसवलेल्या कॉटर पिना थोडी सायकल चालवल्यावर पुन्हा एकदा ठोकून, नट आवळून घ्याव्यात. हे सगळे चालणाऱ्या सायकलीसाठी झाले. दिवाणखान्यात उभ्या केलेल्या सायकलीचे टायर एका जागी चपटे होतात, ग्रीस सुकते आणि हवेतला दमटपणा निवांत काम करतो. तिचा देखभालीचा खर्च चालत्या सायकलीपेक्षा कमी येत नाही. चालवल्यास झीज होते आणि न चालवल्यास गंज चढतो. पैकी झिजलेले भाग बाजारात मिळतात.